मधला माणूस काढला, तरी मधलं काम उरतंच

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुमचं चाळीस खुर्च्यांचं रेस्टॉरंट आहे, दीड वर्ष झालं, बरं चाललंय. जवळपासचे तीन शेतकरी थेट भाजी द्यायला तयार आहेत आणि तुम्हाला मेन्यूवर ‘थेट शेतातून’ असं लिहायचंय. पण त्यांचा दर घाऊक बाजारापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आहे, माल कधी आणि किती येईल याचा भरवसा नाही, आणि तुमचा शेफ म्हणतो की रोज मेन्यू बदलणं त्याला जमणार नाही. शेवटी तुम्ही विचारलंय: हे परवडतं का? आणि याने पर्यावरणाचं खरंच भलं होतं, की सगळी हवाच आहे?

मी एकोणीस वर्षं स्वयंपाकघर चालवतेय. त्यातली तेरा वर्षं निम्म्याहून जास्त भाजी थेट शेतावरून येते. तेव्हा हे जमतं, एवढं छातीठोकपणे सांगू शकते. मात्र तुम्ही दराचा प्रश्न पहिला मांडलात, तो माझ्या हिशेबात तिसरा आहे. शेफची तक्रार तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. खरा प्रश्न तिथेच आहे.

परिस्थितीनुसार काय बदलतं ते आधीच सांगून टाकते. तुमच्याकडे वर्षाचे चार महिने शेतात काहीच उगवत नसेल, तर पुढचं बरंचसं लागू होणार नाही. साठवणीचा वेगळा विचार करावा लागेल. मेन्यूवर साठ पदार्थ असतील तर हा नाद आत्ताच सोडा किंवा आधी पदार्थ वीसवर आणा. मालक स्वतः सकाळी स्वयंपाकघरात उभा राहणार नसेल, तर त्याच्या जागी निर्णय घेणारं दुसरं कुणीतरी हवं, आणि त्याला पगार द्यावा लागतो. चाळीस खुर्च्या हा आकडा मात्र चांगला आहे. दीडशे खुर्च्यांच्या हॉटेलला तीन शेतकरी पुरत नाहीत आणि दहा खुर्च्यांच्या हॉटेलला शेतकरी पुरवठा करत नाहीत, कारण चार किलोसाठी गाडी काढणं त्याला परवडत नाही.

आता मुद्द्याचं. घाऊक व्यापाऱ्याला आपण सगळेच नावं ठेवतो. शेतकऱ्याला लुटतो, गिऱ्हाइकाला लुटतो, मध्ये बसून खातो. काही अंशी खरंही असेल. पण तो नेमकं काय करतो ते एकदा कागदावर लिहून काढा. तो तीसेक शेतांचा माल एकत्र करतो, म्हणून एखाद्याचं पीक बुडालं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. प्रतवारी करतो. रात्री दहाला फोन केला तर सकाळी पाच किलो माल पाठवतो. खराब निघाला तर परत घेतो. महिन्याची उधारी देतो. आणि वेडावाकडा, डागी माल तुमच्या दारात येऊ न देता दुसरीकडे खपवतो. त्याला वगळलंत की ही सगळी कामं तुमच्या मागच्या दाराशी येऊन बसतात. माणूस जातो, काम राहतं. ते काम कोण करणार, किती तास करणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, याचं उत्तर ज्यांच्याकडे नव्हतं अशी निदान पाच-सहा रेस्टॉरंट्स मी वर्ष-दोन वर्षांत जुन्या पुरवठादाराकडे परतताना पाहिलीत. फळ्यावरचं ‘थेट शेतातून’ मात्र पुसायचं राहून जातं. त्याबद्दल पुढे बोलते.

शेतातून थेट ताटात आणण्याच्या चळवळीचं नाव निघालं की शे पानीस या रेस्टॉरंटचं नाव निघतंच. कॅलिफोर्नियात बर्कलीला अॅलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये ते सुरू केलं. लोक तिथल्या कोवळ्या पानांच्या सॅलडबद्दल भरभरून बोलतात. मला त्यातल्या दोन कोरड्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, खालच्या मजल्यावर रात्रीच्या जेवणाला एकच ठरलेला मेन्यू असायचा आणि तो रोज बदलायचा. गिऱ्हाइकाने निवडायचं नाही, स्वयंपाकघराने ठरवायचं. दुसरी, १९८०च्या दशकात त्यांच्याकडे ‘फोरेजर’ असं पदच होतं. शेतं शोधायची, शेतकऱ्यांशी बोलायचं, काय कधी येणार याची माहिती काढून माल स्वयंपाकघरापर्यंत आणायचा, हे त्या माणसाचं काम. म्हणजे मधला माणूस त्यांनीही ठेवलाच, फक्त स्वतःच्या पगारपत्रकावर घेतला. आणि एवढं करूनही सुरुवातीची काही वर्षं तोट्यात गेली.

मधलं काम म्हणजे काय ते जवळून दाखवते. सकाळी साडेसहाला मागच्या दाराशी पालकाचे तीन क्रेट उतरतात. वरची पानं टवटवीत, दव पडलेलं. मी आधी हाताचा पंजा क्रेटच्या मधोमध, कोपरापर्यंत आत घालते. आत ऊब लागली की समजायचं, तोडणी उन्हं वर आल्यावर झालीये किंवा क्रेट रात्रीपासून भरून ठेवलेत. पान तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि त्यातून उष्णता निघते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे उबदार क्रेट तसाच ठेवला तर तो स्वतःच स्वतःला शिजवत राहतो. दुपारपर्यंत मधली पानं काळपट, चिकट. म्हणून क्रेट उतरल्यापासून अर्ध्या तासात पानं गार पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात, मग निथळून, कोरडी करून, कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये. तीन क्रेटला दोन माणसांचा पाऊण तास. बाजारातून धुऊन, निवडून, पिशवीत बंद होऊन येणाऱ्या पालकाला हा पाऊण तास लागत नाही. शिवाय थेट मालात अळी असतेच. दुसऱ्या पाण्यात ती सुटते; नाही सुटली तर ती कुणाच्या ताटात सापडेल ते सांगायला नको.

टोमॅटोचं याच्या उलट. आलेला माल सवयीने सगळाच फ्रिजमध्ये ढकलणारा पोऱ्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. साधारण १२ अंशांच्या खाली टोमॅटो ठेवला तर कच्चा नीट पिकत नाही आणि पिकलेल्याचा वास उडतो. वास तयार करणारी यंत्रणाच थंडीने मंदावते आणि बाहेर काढल्यावर पूर्ण परत येत नाही. वेलीवर पिकलेल्या टोमॅटोसाठी जास्त पैसे मोजायचे आणि रात्रभर गारठवून तो बाजारच्या टोमॅटोसारखा करून घ्यायचा, यापेक्षा बाजारचाच घेतलेला काय वाईट? मका तोडल्या क्षणापासून त्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते, म्हणून तो त्याच दिवशी संपवायचा. असं प्रत्येक भाजीचं वेगळं वेळापत्रक. हे शिकवण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली आणि माणसं बदलली की अजूनही पहिल्यापासून शिकवावं लागतं.

आता दर. किलोचा दर बघू नका, निवडून हातात आलेल्या किलोचा बघा. समजा बाजारचा पालक १०० एककांना किलो मिळतो आणि देठं, पिवळी पानं, चुरगळलेला माल काढून ६०० ग्रॅम हाती लागतो. म्हणजे वापरण्याजोगा किलो पडला १६७ ला. शेतकऱ्याचा २५ टक्क्यांनी महाग, १२५ ला, पण पहाटे तोडलेला असल्याने ८५० ग्रॅम हाती येतो. वापरण्याजोगा किलो १४७. महाग दिसणारा माल स्वस्त पडला. कंदांचं गणित नेमकं उलटं होऊ शकतं: मातीने लडबडलेली गाजरं बिटं घासायला जो वेळ जातो त्यात फायदा वाहून जातो. तुमच्या भाज्यांचे आकडे काय येतील ते मी सांगू शकत नाही. एक महिना निवडण्याआधी आणि निवडल्यानंतर वजन करून वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय सगळी चर्चा हवेतली.

दुसरा हिशेब अंगावर येणारा आहे. या धंद्यात शंभराच्या विक्रीत कच्चा माल साधारण तिशीच्या घरात असतो, ३२ धरू. त्यात भाजी-फळं पाव भाग, म्हणजे ८. ती सगळीच्या सगळी २५ टक्क्यांनी महाग घेतलीत तरी ८ चे १० होतात. शंभरामागे दोन. आता पगार बघा. तेही ३० च्या आसपास असतात. आठ माणसं असतील आणि निवडणं-धुणं झेपत नाही म्हणून नववा घेतलात, तर शंभरामागे पावणेचार गेले. दराने कुणी बुडत नाही. बुडतात ते तासांनी आणि कचऱ्याच्या डब्याने. म्हणून म्हटलं, दराचा प्रश्न तिसरा.

पहिला प्रश्न शेफचा. तो ‘रोज मेन्यू बदलणं जमणार नाही’ म्हणतो त्यात त्याची चूक नाही. आजवर त्याची परीक्षा एकाच गोष्टीवर झालीये: मंगळवारचा पदार्थ शनिवारीही हुबेहूब तसाच लागला पाहिजे. तुम्ही त्याला अचानक सांगताय की उद्या काय येईल माहीत नाही, पण चव तीच ठेव. मीसुद्धा चिडले असते. मला यातून जी वाट सापडली ती अशी: मेन्यूवर भाजीचं नाव लिहायचं नाही, भाजीची जागा ठेवायची. माझे दोन तृतीयांश पदार्थ वर्षभर कायम असतात. उरलेल्यांत एक जागा पानांची, एक शेंगांची, एक कंदांची, एक आंबट फळाची. पानांच्या जागेत कुठलं पान आलं तरी त्याच्यासोबतचं वाटण, डाळ, वरची फोडणी ठरलेली. बदलतो तो फक्त शिजवण्याचा वेळ आणि पाण्याचं प्रमाण. म्हणजे रोज नवा पदार्थ शोधायचा नसतो, ओळखीच्या भांड्यात नवा पाहुणा बसवायचा असतो. शेफला हे पटायला वेळ लागत नाही, कारण हे त्याच्या हातातलं कौशल्य आहे. रोज कवी व्हायला सांगितलंत तर मात्र तो नोकरी सोडून जाईल.

वेटरनाही विसरू नका. दारं उघडण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना आज काय आलंय ते चाखवायचं. ज्याने स्वतः चाखलं नाही तो टेबलाजवळ जाऊन ‘आजची स्पेशल पालेभाजी’ एवढंच पुटपुटतो आणि माल शिल्लक राहतो.

आता तुमचे तीन शेतकरी. इथे माझा हात पोळलाय म्हणून सविस्तर सांगते. सुरुवातीला माझेही तीनच होते. मोठ्या उत्साहाने मी तिघांना सांगितलं, ‘जेवढं निघेल तेवढं आणा, मी घेते.’ एका गुरुवारी सकाळी पहिल्याने काकडीचे तीन क्रेट आणले. मी खूश. तासाभराने दुसरा आला, त्याच्याकडेही काकडी. तिसऱ्याचा टेम्पो वळणावर दिसला तेव्हाच मला पोटात गोळा आला. सगळी मिळून सव्वाशे किलो काकडी, चाळीस खुर्च्यांसाठी. शब्द दिला होता, तिघांचेही पैसे चुकते केले. पुढचे दहा दिवस आमच्याकडे काकडीची कोशिंबीर, काकडीचं सूप, काकडीचं लोणचं आणि कर्मचाऱ्यांच्या जेवणात दोन्ही वेळा काकडी. एक मुलगा आजही काकडी खात नाही.

दोष त्यांचा नव्हता. तिघांची जमीन एकाच ओढ्याच्या काठाने, हवा एक, पेरणी आठवड्याच्या अंतराने. तीन शेतकरी म्हणजे तीन आधार असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो एकच आधार तीन नावांनी होता. पुढे गारपीट झाली तेव्हा तिघांचंही एकाच दुपारी गेलं आणि तेही कळलं. तेव्हापासून नवा शेतकरी जोडताना मी पहिलं विचारते ते ‘दर काय’ नाही. विचारते: पाणी कुठून येतं? जमीन किती उंचावर? शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय लावता? आज माझ्याकडे पाच आहेत. एक चढावर आहे, त्याचा माल तीन आठवडे उशिरा येतो आणि खालच्यांचा संपला की त्याचा सुरू होतो. एकाकडे फक्त पानं आणि सुगंधी औषधी वनस्पती आहेत. एकाकडे नेटखाली लागवड आहे. दर वेगवेगळे आहेत, ते मी एकसारखे करायला जात नाही.

त्यांच्याशी बोलणी पेरणीच्या आधी करा, काढणीच्या वेळी नव्हे. काढणीच्या वेळी तुम्ही निव्वळ खरेदीदार असता. पेरणीआधी बसलात तर म्हणू शकता, ‘या वाफ्यातला माल माझा. आठवड्याला किमान एवढे किलो मी घेणारच. त्यापेक्षा जास्त निघाला तर आधी मला विचारा, मी नको म्हटलं तर खुशाल बाजारात न्या.’ किमान हमी, वरची मर्यादा आणि नकाराचा हक्क, या तीन गोष्टी दोन्ही बाजूंनी बोलून ठेवल्या की काकडीचा गुरुवार येत नाही. लिखापढी करावी का, हे तुमच्या संबंधांवर आहे. मी एका पानावर साध्या भाषेत लिहिते आणि दोघांकडे एकेक प्रत राहते. पैसे मात्र आठवड्याच्या आठवड्याला. व्यापारी तुम्हाला महिन्याची उधारी देऊ शकतो, शेतकऱ्याकडून ती मागणं म्हणजे तुमच्या धंद्याला त्याने भांडवल पुरवण्यासारखं आहे.

जोखीम वाटून घेण्याची ही पद्धत रेस्टॉरंटवाल्यांनी शोधलेली नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात घरोघरच्या गिऱ्हाइकांनी शेतकऱ्यांशी थेट करार करायला सुरुवात केली, त्याला तेइकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर हंगामाचे पैसे आगाऊ भरून पिकात वाटा घेण्याची योजना सुरू झाली. पीक चांगलं आलं तर टोपली भरून, बुडालं तर सगळ्यांचं थोडं थोडं बुडालं. मी सगळ्या हंगामाचे आगाऊ देऊ शकत नाही, पण बियाण्यापुरते देते. त्याचा परिणाम मला आकड्यात सांगता येणार नाही, पण कमी तोडणीच्या दिवशी पहिला क्रेट माझ्याकडे येतो.

आणि एक: शेतकऱ्याकडची फक्त नाजूक, देखणी भाजी उचलू नका. टोमॅटो घ्यायचा असेल तर त्या जमिनीला मध्ये द्विदल पीक हवं, कधी एखादं भरड धान्य हवं. ही फेरपालटाची पिकं जमीन सावरतात पण त्यांना भाव नसतो. तुमच्या मेन्यूत चवळी-घेवड्याला, भरड धान्याला जागा असेल तरच तो शेतकरी पुढच्या वर्षीही तसाच टोमॅटो देऊ शकेल. न्यूयॉर्कजवळ २००४ पासून चालणाऱ्या ब्लू हिल अॅट स्टोन बार्न्स या रेस्टॉरंटने हा विचार बराच पुढे नेला. तिथे छापील मेन्यूच नसतो, शेत जे देईल तेच ताटात येतं. अर्थात शेत हाकेच्या अंतरावर असलं की असं करता येतं. आपण निदान कडधान्याची एक जागा तरी ठेवू शकतो.

मांस देणार असाल तर तिथेही हेच तत्त्व. जनावराचे चार मऊ तुकडे घेऊन बाकीचं शेतकऱ्याच्या गळ्यात मारलं तर ती थेट खरेदी नव्हे. लंडनमधल्या सेंट जॉन या रेस्टॉरंटने १९९४ पासून ‘नाकापासून शेपटीपर्यंत’ सगळं रांधून दाखवलंय. मात्र त्याला खाटकाचं काम येणारा माणूस स्वयंपाकघरात लागतो. नसेल तर सध्या भाजीवरच थांबा.

बहराच्या दिवसांत जास्तीचा माल येणारच, कितीही ठरवलं तरी. त्यासाठी वाळवण, खारवण आणि सॉस यांची आधी तयारी हवी: बरण्या, मीठ, मोकळं फळकूट आणि एक माणूस. खारवताना मी भाजीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के मीठ धरते, वजन करून, अंदाजाने नाही. हवाबंद बरणीत भरायचं असेल तर आम्लता मोजल्याशिवाय भरू नका. पीएच ४.६ च्या वर, म्हणजे आम्लता कमी असेल तर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि ते ना वासावरून कळतं ना चवीवरून. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, म्हणून त्यात लिंबाचा रस किंवा आम्ल घालायचंच. तुमच्याकडचे अन्नसुरक्षेचे नियम यावर काय म्हणतात ते आधी पाहा. काही ठिकाणी यासाठी वेगळा परवाना लागतो.

तर इथवरचं: हे परवडतं, जर मेन्यूत जागा मोकळ्या असतील, शेतकरी एकमेकांपेक्षा वेगळे असतील, आणि मधल्या कामाचे तास तुम्ही आधीच हिशेबात धरले असतील. आता तुमचा दुसरा प्रश्न.

पर्यावरणाचं भलं होतं का? होतं, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. जवळचं अन्न म्हणजे कमी धूर, हे ऐकायला सरळ वाटतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये अमेरिकी कुटुंबांच्या अन्नाचा हिशेब मांडला. त्यात सगळ्या वाहतुकीचा वाटा हरितगृह वायूंच्या सुमारे ११ टक्के निघाला, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा जेमतेम ४ टक्के. बाकीचं बहुतेक सगळं पिकवण्यातच. त्यांचा निष्कर्ष असा की आठवड्यातल्या एका दिवसाहूनही कमी उष्मांक लाल मांस आणि दुधाऐवजी भाजी, अंडी किंवा कोंबडीकडे वळवले, तर सगळं अन्न जवळचं घेण्यापेक्षा जास्त फरक पडतो. थंड प्रदेशात तापवलेल्या हरितगृहातला शेजारचा टोमॅटो हा उन्हाळी देशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त ऊर्जा खाऊ शकतो. विमानाने येणाऱ्या नाजूक मालाची गोष्ट वेगळी, तो खरंच महागात पडतो.

आपल्या पातळीवर आणखी एक खोच आहे. तुमचे तीन शेतकरी तीन छोट्या गाड्यांतून पंधरा-पंधरा किलो माल घेऊन येणार आणि रिकाम्या परत जाणार. एका भरलेल्या ट्रकशी तुलना केली तर किलोमागे इंधन यांचंच जास्त जळेल. आम्ही आठवड्याचे दिवस वाटून घेतलेत: ज्याची पाळी तो बाकीच्यांचा माल वाटेत उचलतो, आणि परतताना आमच्याकडचा भाजीचा कचरा खतासाठी नेतो.

मग भलं कशात आहे? माझ्या मते सगळ्यात जास्त कचऱ्याच्या डब्यात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं २८ टक्के हॉटेलं, खानावळी, उपाहारगृहं अशा आपल्यासारख्या जागांमधून. म्हणजे हा आपला स्वतःचा हिशेब आहे, कुणा दूरच्या कारखान्याचा नाही. माझा अनुभव असा की ज्या माणसाने शेतावर वाकून पालक तोडताना पाहिलाय, तो देठ टाकताना एकदा विचार करतो. दुसरं भलं ताटातला भाजी-कडधान्याचा वाटा वाढण्यात. तिसरं शेतात चार पिकं जास्त लागण्यात. किलोमीटर चौथे-पाचवे.

आणि म्हणूनच फळ्यावर काय लिहायचं याबद्दल सावध राहा. ‘स्थानिक’ या शब्दाला एकच व्याख्या नाही. अमेरिकेच्या २००८ च्या शेती कायद्यात तर ४०० मैलांच्या आत, म्हणजे जवळपास ६४० किलोमीटरच्या आत, किंवा त्याच राज्यातलं, अशी व्याख्या आली. गिऱ्हाईक मात्र ‘स्थानिक’ वाचलं की पलीकडच्या टेकडीमागचं शेत डोळ्यांसमोर आणतं. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा बे टाइम्स या वृत्तपत्राने रेस्टॉरंटांच्या अशा दाव्यांचा माग काढला, तेव्हा फळ्यावर नाव असलेल्या काही शेतकऱ्यांनी सांगितलं की आम्ही यांना मालच देत नाही. हे नेहमी लबाडीतूनच होतं असं नाही. शेतकऱ्याचा माल संपतो, शुक्रवारची गर्दी असते, कुणीतरी बाजारातून पाच किलो उचलून आणतं आणि खडू कुणाच्या हाताशी नसतो. आमच्याकडे मुद्दाम खडू आणि फडकं मागच्या दाराजवळ टांगलंय. ज्याने बाजारचा माल आत घेतला त्यानेच जाऊन शेतकऱ्याचं नाव पुसायचं, मग बाकीचं काम. पावत्या तारखेप्रमाणे एका फायलीत. कुणी विचारलं तर दाखवते. वर्षातून दोन-तीनदा विचारतात. आणि शेतकऱ्याचं नाव त्याला विचारूनच लिहा. माझ्या एकाला ते नको असतं, म्हणतो, ‘एखाद दिवशी माल वाईट गेला तर नाव माझं जाणार.’ ‘सेंद्रिय’ हा शब्द तर प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय वापरूच नका.

तुमच्या जागी मी असते तर पहिल्या हंगामात तीनच गोष्टी थेट घेतल्या असत्या: पानं, टोमॅटो आणि सुगंधी पानं. यांत ताजेपणा जिभेला लगेच कळतो आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नाही. कांदा, बटाटा, सुकं धान्य बाजारातून चालू ठेवा. त्यात थेट खरेदीने चवीचा फरक फारसा पडत नाही. घाऊक व्यापाऱ्याशी संबंध तोडू नका. त्याला सरळ सांगा की हे तीन जिन्नस मी दुसरीकडून घेणार, कधी अडलं तर तुमच्याकडे येईन. माझ्या व्यापाऱ्याने गारपिटीच्या आठवड्यात मला तारलंय आणि त्याबद्दल जादा दरही लावला नाही.

आणि करार, फळा, मेन्यू हे सगळं करण्याआधी शेफला घेऊन त्या तिघांपैकी एकाच्या शेतावर जा. पहाटे जा, साडेपाचच्या आत. दुपारी गेलात तर चहा मिळेल, तोडणी दिसणार नाही. आणि जाताना दोन रिकामे क्रेट गाडीत टाका. शेफला एक क्रेट स्वतःच्या हाताने तोडून भरू दे. आमच्या शेफने अर्धाच भरला आणि कंबर धरून बसला. परतताना गाडीत त्याने पहिला प्रश्न विचारला तो मेन्यूचा नव्हता. म्हणाला, ‘ताई, आपण देठांचं काय करतो सध्या?’